मागे बसणाऱ्याचं मीटर

३ तारीख, मंगळवार

रोज किती चाललात ते लिहून ठेवा, खुब्याला बरं, असं डॉक्टरबाईंनी बजावलंय. म्हणून ही डायरी. आज अंगणात दोन फेऱ्या मारल्या. झालं लिहून. पण एवढं मोठं पान कोरं सोडायचं माझ्या जिवावर येतं, तेव्हा पुढचं लिहितो.

सकाळी लेकीने पाठवलेलं खोकं आलं. खोकं कसलं, कपाटच! आत विजेवर चालणारी सायकल, निळी, हिच्यासाठी. हिची थोरली बहीण वरच्या वस्तीत राहते, टेकडीवर. ती चोवीस तारखेला घर सोडून कायमची मुलाकडे चाललीय, लांब, विमानाने जावं लागतं इतकं लांब. रस्ता खचल्यापासून वर जाणारी बस बंद आहे. गाडी न्यायची तर डोंगराला वळसा घालून अर्धा दिवस जातो. आपल्या बाजूने फक्त पायी माणसं आणि सायकली सोडतात. हिच्या गुडघ्यांना तो चढ झेपत नाही. थोरलीनेच हिला आईच्या माघारी लहानाची मोठी केली. ती जायच्या आधी रोज वर जायचं, आवराआवर करू लागायची, दोघींनी पोटभर बोलून घ्यायचं, असं हिच्या मनात आहे. लेकीने ते ओळखून सायकल धाडली. गुणाची पोर.

पण फोनवर मला म्हणते, “बाबा, जोडायला मेकॅनिक पाठवू का?”

मला! चाळीस वर्षं ज्याने भाड्याच्या सायकलींचं दुकान चालवलं त्याला! मी म्हटलं, पाठव, त्याला काही शिकायचं असेल तर शिकवीन.

४ तारीख, बुधवार

हँडल सरळ केलं, पॅडल बसवली, सीट हिच्या मापाला आणली. चहा गार व्हायच्या आत. हात विसरले नाहीत अजून. ही खुर्ची टाकून बघत होती. “बाई, किती पटापट!” म्हणाली. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

राहिलं ते मीटर. तळहाताएवढी काळी चकती. वेग दाखवते, बॅटरी किती उरली ते दाखवते. तेवढंच असतं तर नसतं लावलं तरी चाललं असतं. पण त्याचं बटण दाबल्याशिवाय मोटर सुरूच होत नाही. म्हणजे सगळ्या सायकलीचा जीव त्या चकतीत.

ते हँडलवर धरायला प्लास्टिकचं कडं आहे, एका स्क्रूने आवळायचं. हँडलची नळी मध्ये जाड आणि मुठींकडे बारीक. मध्ये दिव्याची पट्टी आडवी आली, म्हणून बारीक भागावर लावलं, तर ते गोल गोल फिरायला लागलं. आवळलं. तरी फिरतंय. आणखी आवळलं. टक्!

कड्याला उभी चीर गेली. लोखंडाला कसं, आवळताना शेवटी एक रेटा द्यावा लागतो. हा रेटा माझ्या मनगटात मुरलाय. प्लास्टिकला कोण काय सांगणार! हल्ली वस्तूच तकलादू करतात.

ही आत गेली आणि थोरलीला फोन केला. “उद्याचं नाही गं जमत. दोन-चार दिवसांत येते.” लेकीने दुसरं कडं मागवलंय.

७ तारीख, शनिवार

कडं आलेलं नाही. काठी घेऊन जुन्या दुकानापर्यंत चालत गेलो. आता तिथे शिंपी बसतो. चांगला माणूस आहे, नेहमी स्टूल पुढे करतो. पूर्वी आत पाऊल टाकलं की रबराचा आणि पंक्चरच्या सोल्युशनचा वास यायचा. आता इस्त्रीखालच्या ओल्या कापडाचा येतो. मी बसून राहिलो. जिथे त्याचं मशीन आहे तिथे माझी हवेची टाकी होती. भिंतीला लागून सायकलींची रांग. मडगार्डवर मी स्वतः पांढऱ्या रंगाने नंबर घातलेले.

ही नऊ नंबर न्यायची. टायपिंगच्या क्लासला यायची बसने, आणि गावात फिरायला माझ्याकडून तासाच्या बोलीने सायकल. दुसऱ्या कुणी आधीच नऊ नंबर मागितली तर मी सांगायचो, पंक्चर आहे. शिंप्याला हे सांगितलं तर तो हसून म्हणाला, “काका, गिऱ्हाईक पटवायची ही रीत आम्हाला नाही हो जमली.” चावट आहे.

लग्नानंतर दर रविवारी आम्ही वर थोरलीकडे जायचो. मी पुढे, ही कॅरिअरवर. खड्या चढाला ही उतरायची आणि मागून ढकलायची. वर सांगायची मात्र, “यांनी एका दमात आणली मला.” येताना उतार. ही माझ्या सदऱ्याचं टोक मुठीत धरून बसायची. घरी येईपर्यंत तो सदरा पार चुरगळलेला असायचा. काय दिवस होते ते!

दोन वर्षांपूर्वी शिडीवरून पडलो आणि खुबा मोडला. तेव्हापासून मला सायकल बंद. टांगच टाकता येत नाही.

९ तारीख, सोमवार

कडं आलं. या वेळी अक्कल वापरली. जुन्या ट्यूबची पट्टी कापून नळीभोवती गुंडाळली, वरून कडं. रबराने असं घट्ट धरलं की विचारू नका. आवळणं बेताचं.

मग मीटरचं तोंड नेमकं करायचं. सीटवर बसून बघावं तर खुबा बसू देत नाही. सायकल स्टँडवर लावली आणि कॅरिअरवर टेकलो. तिथून मान काढून बघितलं. मीटर मध्ये ठेवलं तर पुढे बसलेल्याची पाठ आड येणार, हे लगेच ध्यानात आलं. म्हणून डावीकडे मुठीजवळ सरकवलं, थोडं बाहेरच्या अंगाला कलतं केलं. आकडे लख्ख दिसायला लागले. वायर डाव्या नळीला नायलॉनच्या पट्ट्यांनी चापून बांधली. काम असं देखणं झालंय की दुकान असतं तर दर्शनी ठेवलं असतं.

१० तारीख, मंगळवार

सकाळी ही नवे बूट घालून तयार. सीटवर बसली. मीटरकडे बघितलं, मान वाकडी केली, मग आणखी वाकडी केली.

“अहो, मला काहीच दिसत नाहीये. नुसती काच चकाकतेय.”

“नीट बघ.”

“नीटच बघतेय. हे मागे बसणाऱ्यासाठी बसवलंय का? मागे कोण बसणार आहे?”

मी म्हटलं, उन्हाची तिरीप आहे, दुसरं काही नाही. ही म्हणाली, ऊन तर अजून अंगणात आलंच नाही. मला राग आला. एवढ्या मेहनतीने केलेल्या कामाला पहिल्या फटक्यात नाव ठेवायचं म्हणजे काय! तरी ॲलन की, ती सहा कोनांची वाकडी किल्ली, घेतली, मीटर ओढून मध्ये आणलं, दिव्याची पट्टी बाजूला सरकवली, कडं आवळलं. घे बाई.

एव्हाना उशीर झाला होता. त्यात मला चेन कोरडी वाटली, तिला तेल दिलं. पुढचा ब्रेक घासतोयसं वाटलं, तो बघितला. मागच्या चाकात हवा बेताची होती. तोवर ऊन चढलं. ही पायरीवर बसून होती, पर्स मांडीवर घेऊन. मग हसायलाच लागली.

“तेव्हाही असंच करायचात. सायकल द्यायच्या आधी ब्रेक बघतो, चेन बघतो, थांबा जरा. माझा अर्धा क्लास तुमच्या बाकावर गेला. थोरली विचारायची, एवढा वेळ कुठे होतीस?”

कोण जाणे ही काय बोलते. ब्रेक बघायलाच लागतात. गिऱ्हाइकाच्या जिवाचा प्रश्न असतो.

जाणं आजही राहिलंच.

१२ तारीख, गुरुवार

आज ही गेली. आणि आली.

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. ही निघाली तेव्हा आठ वाजले होते. घर एकदम मोठं वाटायला लागलं. चहा स्वतः केला, त्यात साखर दोनदा घातली. तासाभरात फाटक वाजलं. इतक्या लवकर ही परत आली म्हणून मला आनंद झाला. हो, आनंदच. काठीसुद्धा न घेता दारात गेलो. आणि मग हिचं कोपर बघितलं.

चढावरच्या दुसऱ्या वळणावर, उजवीकडे वळताना मीटर एकदम काळं झालं. मोटर मेली. चढावर वेग नाही, पायात जोर नाही, ही कडेच्या खडीत कलंडली. कोपर सोलवटलं, बाकी ठीक. सायकल हातात धरून चालत खाली आली.

मी कोपर धुतलं, मलम लावलं. मग सायकल बघितली. वायरीचा जोड सुटलेला. कारण कळायला मिनिटही लागलं नाही. परवा रागाच्या भरात मी नुसतं मीटर ओढून मध्ये आणलं, वायर मात्र डाव्या नळीला बांधलेली तशीच ठेवली. ढील होती ती सगळी त्यात गेली. हँडल उजवीकडे पूर्ण वळलं की वायर ताणून जोड सुटतो. नवशिक्या पोराने हे केलं असतं तर मी त्याला दुकानातून हाकलला असता.

जेवण गेलं नाही.

१३ तारीख, शुक्रवार

हिला म्हटलं, पुरे आता. जाऊ नकोस. उरलेत किती दिवस, फोनवर बोल थोरलीशी. लेकीला सांगतो सायकल परत घ्यायला. मी चांगल्यासाठीच बोलत होतो.

ही भांडी विसळत होती. नळ बंद केला आणि माझ्याकडे वळली.

“तुम्ही पडलात तेव्हापासून दोन वर्षं मी या फाटकाबाहेर फारशी गेले नाही. कधी बोलून दाखवलं? नाही ना? मला ते जड गेलं नाही म्हणून नाही बोलले. पण थोरली चाललीय हो. ते घर बंद होणार. ज्या घरात तिने माझ्या वेण्या घातल्या, तिथे मला तिच्याबरोबर चार दिवस बसायचंय. एवढंच मागतेय.”

“मीटरचंच तर...”

“तुम्हाला मीटर बसवता येत नाही असं मी जन्मात म्हणणार नाही. तुम्हाला ते बसवायचं नाहीये.”

आणि परत नळ सुरू केला.

मला काही कळलं नाही. बसवायचं नसतं तर दोन-दोनदा कशाला बसवलं असतं? बायकांचं बोलणं! दुपारभर डोक्यात तेच. आज अंगणातही गेलो नाही.

१४ तारीख, शनिवार

थोरलीचा फोन. ही बाहेर कपडे वाळत घालत होती म्हणून मी उचलला. थोरली मला पहिल्यापासून जावई म्हणते, हिची आईच झाली होती ना ती.

“जावई, माझी बहीण अडकवून ठेवलीत म्हणे.”

मी म्हटलं, वायर तुटली, वळण वाईट आहे, खडी आहे, वय झालं आता तिचं.

ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, “तुमच्या सायकलच्या मागे बसवून हिला सासरी धाडली, आठवतं? तुम्ही दोघं खिदळत उतारावरून गेलात. मी दार लावून घेतलं आणि पोटभर रडले. एवढी पोटाशी धरून वाढवलेली पोर. घर खायला उठलं होतं. पण मी तुम्हाला म्हटलं का कधी, की हिला ठेवून जा?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“तुम्ही तरी हिची वाट बघू शकता जावई. संध्याकाळी येते ती परत. माझ्याकडे तर रविवारीच यायची.”

फोन ठेवला. ही आत आली, “कुणाचा होता?” मी म्हटलं, थोरलीचा. तुला उद्या-परवा बोलावलंय.

१५ तारीख, रविवार

सगळं सोडवलं. मीटर, कडं, वायर, रबर, सगळं. वर्तमानपत्रावर मांडलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. हिला म्हटलं, “ये, सीटवर बस. आणि मी सांगेपर्यंत उठू नकोस.”

मी कॅरिअरकडे गेलो नाही. पुढे उभा राहिलो, चाक दोन्ही पायांत धरून, हँडल हातात घेऊन. हिचं तोंड माझ्याकडे. आणि माझ्या लक्षात आलं, सायकलवर बसलेली ही मी अशी समोरून कधी बघितलीच नव्हती. दुकानातून निघायची तेव्हा पाठमोरी दिसायची. नंतर तर ती माझ्या मागेच. केस पांढरे झालेत, कपाळावर घाम, आणि डोळ्यांत तीच अधीर चमक, चला लवकर म्हणणारी.

“काय बघताय?”

“मीटर बघतोय. दिसतं का?”

“थोडं वर. अंहं, फार झालं. हां. तिथेच.”

ती मान न हलवता, नुसती नजर खाली करून आकडे वाचू लागली तेव्हा थांबलो. रबराचे दोन पदर घेतले. स्क्रू ॲलन कीच्या आखूड बाजूने, दोन बोटांनी आवळला. लागला असं वाटल्यावर अगदी किंचित पुढे, बस. शेवटचा रेटा दिला नाही. हात शिवशिवत होते, पण नाही दिला. मीटर अंगठ्याने दाबून बघितलं, हललं नाही. वायरीला मीटरखाली मोठा वेढा ठेवला, गबाळा दिसतो, दिसू दे. हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, पुन्हा डावीकडे. वायर कुठेही ताणली नाही. मग अंगणातल्या खडबडीत फरशीवरून सायकल आपटत नेली. मीटर सुरूच.

“झालं?” ही म्हणाली.

“झालं. आता काही बघायचं राहिलं नाही.”

हिने माझ्या हाताला लागलेला काळा डाग पदराने पुसला.

१६ तारीख, सोमवार

गेली आणि पोचली. वर पोचल्याचा फोन केला, दोघी एकदम बोलत होत्या, मला एक अक्षर समजलं नाही. संध्याकाळी आली ती बोलतच आली. थोरलीने तिसऱ्यांदा तीच पेटी रिकामी करून पुन्हा भरली. हिच्या शाळेतल्या फ्रॉकची चिंधी निघाली. दोघी जमिनीवर पाय पसरून बसल्या आणि दुपारी तिथेच झोपल्या.

मी विचारलं, “मीटर दिसत होतं ना नीट?”

“अहो, पहिल्या वळणापर्यंत बघितलं. मग विसरलेच.”

१९ तारीख, गुरुवार

रोज जाते. रंग उजळलाय हिचा. मी अंगणात चार फेऱ्या मारायला लागलोय. दुसरं करणार काय? संध्याकाळी पाचनंतर फाटकाशी उभं राहिलं की आपोआप फेऱ्या होतात.

२४ तारीख, मंगळवार

थोरली गेली. तिच्या मुलाची गाडी डोंगराच्या पलीकडून आली होती. निघताना तिने हिला सांगितलं, “तू आधी नीघ. तू निघालेली मला दिसू दे.” म्हणून ही आधी निघाली. उतारभर रडत आली. अंगणात सायकल टेकवली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. मी पाठीवर हात फिरवत राहिलो. माझेही डोळे भरून आले. थोरलीने मला काही कमी दिलं नाही आयुष्यात, आणि जे दिलं ते तिचं सगळ्यात लाडकं होतं.

पण इथे खरं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहितो. मनात कुठेतरी वाटलं, संपलं एकदाचं. आता वर जायचं कारण उरलं नाही. जुनी चादर शोधून ठेवलीय. उद्या सायकल पुसून आतल्या खोलीत लावू, वर चादर टाकू.

२६ तारीख, गुरुवार

काल दिवसभर ही पडून होती. मी चहा करून दिला, साखर एकदाच.

आज सकाळी चादर घेऊन बाहेर आलो तर ही बूट घालून सायकलशी उभी.

“कुठे?”

“जाऊन येते.”

“वर आता कुणी नाही.”

“माहितीय. रस्ता आहे की.” मग माझ्या हातातल्या चादरीकडे बघितलं, आणि हळू आवाजात म्हणाली, “चाळीस वर्षं तो चढ मी तुमची पाठ बघत चढले. आत्ता कुठे पुढचं दिसायला लागलंय हो. वाईट वाटून घेऊ नका.”

वाईट कसं वाटणार नाही? वाटलंच. चांगलंच वाटलं. वर तिच्यामागे कॅरिअरवर बसून जावं असंही वाटलं, आणि तेवढ्यात मला माझं ते डावीकडे कललेलं मीटर समजलं. कुणासाठी बसवलं होतं ते. ही पहिल्याच दिवशी ओळखून बसली होती. मला आज कळलं, एवढा मोठा मेकॅनिक मी.

चादर कठड्यावर टाकली आणि फाटक उघडून धरलं. हिने बटण दाबलं, मीटर उजळलं, सायकल सुळ्ळकन निघाली. कोपऱ्यावरच्या वळणाला ही सावकाश झुकली, सरळ झाली आणि दिसेनाशी झाली. एकदाही मागे वळून बघितलं नाही. सायकल चालवताना मागे बघायचं नसतं, हे मीच शिकवलं होतं तिला.